जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्या गाडीत: पुण्यात मिळणाऱ्या कामाचं परीक्षण

वॉरंटी संपलेल्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला की पुण्यात मालकापुढे तीन वाटा असतात. पहिली, कंपनीच्या वर्कशॉपमधून अख्खा नवा युनिट. दुसरी, ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या गॅरेजकडून ओव्हरहॉल, म्हणजे आहे तोच बॉक्स उघडून क्लच प्लेटा, सील आणि सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) बदलणं. तिसरी सगळ्यात स्वस्त सांगितली जाते: जुन्या मॉडेलच्या गाडीतून उतरवलेला बॉक्स आणून बसवणं. ‘सेम टू सेम बसतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा’ असं त्याबद्दल हमखास सांगतात. हे परीक्षण त्या तिसऱ्या वाटेचं.

निकाल आधीच सांगून टाकू. एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या इंजिनांच्या आणि तितक्याच गिअरच्या दोन गाड्यांमध्ये हे काम नीट होतं आणि टिकतं. सहा गिअरच्या गाडीत चार गिअरचा बॉक्स घालायचा असेल तर नको. मॅन्युअलची ऑटोमॅटिक करायची असेल तर सामान काढायला त्याच मॉडेलची अख्खी ऑटोमॅटिक गाडी दारात उभी असल्याशिवाय हात घालू नका. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बॉक्स बोल्टांवर चढवणं हा कामाचा लहान हिस्सा आहे, त्याची गाडीच्या कॉम्प्युटरशी ओळख करून देणं हा मोठा. गॅरेज निवडताना दुसऱ्या हिश्शाचं काय, एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी तिथे सोडू नका.

मारुतीच्या गाड्या घेऊ, कारण हा प्रश्न त्यांच्या बाबतीत नेहमी निघतो. सिआझ आणि अर्टिगाला २०१८ साली १.४ ऐवजी १.५ लिटरचं के१५ इंजिन आलं, पण ऑटोमॅटिक चार गिअरचाच राहिला. २०२२ मध्ये अर्टिगा, एक्सएल६ आणि ब्रेझाला सहा गिअरचा बॉक्स मिळाला. म्हणजे २०१९ च्या गाडीसाठी २०१६ चा बॉक्स शोधणं हा विचार करण्यासारखा सौदा आहे, २०२३ च्या गाडीसाठी नाही. चार गिअर म्हणजे टाकाऊ, असंही समजू नका. २०२३ साली आलेल्या जिम्नीत कंपनीने स्वतःच चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर ऑइलमधून पोचवणारा) बॉक्स दिला. तिथे तो चालतो, कारण इंजिन, बॉक्स आणि एबीएस ब्रेक यांचं आपसातलं बोलणं कारखान्यातच जुळवून दिलेलं असतं. गॅरेजला नेमकं तेच हाताने जुळवावं लागतं. (एएमटी, सीव्हीटी आणि डीसीटी या दुसऱ्या जातींच्या ऑटोमॅटिकांची गणितं वेगळी आहेत. इथलं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सबद्दल.)

बॉक्स विकत घेताना

पुण्यात सुटे भाग म्हटलं की नाना पेठ, आणि तिथे नाही मिळालं तर कुर्ला. दुकान कुठलंही असो, पहिली नजर बॉक्सवरच्या टॅगवर किंवा स्टिकरवर जायला हवी. कवच सारखं दिसलं म्हणजे आतलं सारखं, असं नसतं. एकाच कवचात वेगळा फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारी शेवटची गिअरजोडी), वेगळ्या प्लेटा आणि वेगळा कन्व्हर्टर असू शकतो. टॅगवरचा नंबर आणि गाडीच्या चासी नंबरवरून निघणारा पार्ट नंबर शेजारी शेजारी लिहा. जुळले नाहीत तर फरक कशात आहे, हे विकणाऱ्याकडून नव्हे, पार्ट्स कॅटलॉगमधून काढा.

फायनल ड्राइव्हचा फरक किती महाग पडतो, ते आकड्यांत बघा. १८५/६५ आर१५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर, म्हणजे ताशी १०० किमीला चाक मिनिटाला साधारण ८५५ फेरे घेतं. समजा चौथ्या गिअरचं गुणोत्तर ०.७ आणि फायनल ४.० असेल, तर इंजिन सुमारे २,४०० फेऱ्यांवर चालेल. फायनल ४.४ असेल तर २,६०० च्या वर. कानाला हा फरक कदाचित जाणवणारही नाही. पण गाडीचा वेग बॉक्समधल्या सेन्सरवरून मोजला जात असेल तर स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही १० टक्क्यांनी चुकतात. एबीएसचा वेग चाकांवरून येतो. मग दोन आकडे एकमेकांशी भांडतात आणि डॅशबोर्डवर दिवे लागतात.

टॅग जुळला की बॉक्सची तब्येत. पॅन उघडून दाखवायला सांगा आणि आतल्या चुंबकांवरून बोट फिरवा. शाईसारखा मऊ करडा थर असेल तर ठीक, तो प्लेटांच्या रोजच्या झिजेचा आहे. पॅनमध्ये पितळी चमक दिसली तर बुश गेलेत. बोटाला टोचणारे पोलादी कण लागले तर बॉक्स तिथेच ठेवून या. ऑइल तांबडं किंवा तपकिरी असेल तर चालेल. काळं आणि जळका वास मारणारं असेल तर क्लच गेलेले आहेत. गुलाबी दुधासारखं असेल तर कूलर फुटून कूलंट आत गेलंय. असा बॉक्स फुकट मिळाला तरी घेऊ नका, कारण ग्लायकोल प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सोडवतो आणि अस्तर पुढच्या काही महिन्यांत सुटतं. पावसाळ्यात गोदामात उघड्यावर पडलेल्या बॉक्समध्ये ब्रीदरमधून (हवेच्या छोट्या तोंडातून) आणि कूलरच्या उघड्या तोंडांतून पाणी जातं. तोंडं बुचांनी बंद आहेत का, हे पाहिलं की दुकानदार माल कसा सांभाळतो ते कळतं.

कन्व्हर्टर बॉक्ससोबतचाच घ्या. त्याची मान, म्हणजे पंपात जाणारी नळी, नखाने तपासा. नख अडकेल अशी रेघ असेल तर पंपाचं सील टिकणार नाही.

बसवताना

कन्व्हर्टर बॉक्सवर बसवण्याचं काम पाहायला मिळालं तर जवळ उभं राहून पाहा. कारागिराची पारख तिथे होते. चांगला माणूस बॉक्स तोंड वर करून उभा ठेवतो, दोन्ही तळहातांनी कन्व्हर्टर फिरवत हलका दाब देतो आणि थांबतो. टक. पुन्हा फिरवतो. टक. आणि पुन्हा. टर्बाइन शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते आणि पंपाचे कान अशा तीन ठिकाणी तो उतरावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो थोडा खाली बसतो. मग बेलहाऊसिंगच्या, म्हणजे बॉक्सच्या इंजिनाकडच्या घंटेसारख्या कवचाच्या, तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या कानापर्यंतची खोली व्हर्नियरने मोजायची आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायची.

दुसरीच टक ऐकून बॉक्स वर चढवला तर बेलहाऊसिंग आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहते आणि माणूस ती बोल्ट आवळून मिटवतो. त्या आवळण्यात पंपाचा गिअर तडकतो. गाडी चालू होते, लिव्हर कुठेही टाका, ती जागची हलत नाही. नवा आणलेला बॉक्स पहिल्याच मिनिटात गेलेला असतो. नियम साधा आहे: बेलहाऊसिंग इंजिनाला हाताने टेकलं पाहिजे, बोल्टांनी ओढून नाही. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि तो व फ्लेक्सप्लेट (क्रँकवरची पातळ तबकडी) यांच्यात दोन-तीन मि.मी. फट दिसली पाहिजे.

कन्व्हर्टरचे बोल्ट मूळचेच वापरा. डब्यातला तोच आटा असलेला लांब बोल्ट घातला तर तो कन्व्हर्टरचं कवच आतून फुगवतो. त्याच जागी मागे लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरला घट्ट जोडून टाकणारा) घासतो. पुढे चौथ्या गिअरमध्ये गाडी खरखरत धावते आणि इंजिनाचा दोष समजून महिनाभर प्लग व कॉइल बदलणं चालतं.

इंजिनाच्या मागच्या तोंडावरच्या दोन डॉवेल पिना (बॉक्सची जागा नेमकी धरणाऱ्या) जागेवर आहेत का, हे पाहायला अर्धं मिनिट लागतं. उतरवताना त्या कधी जुन्या बॉक्ससोबत निघून जातात. नसल्या तर बॉक्स केसभर तिरका बसतो आणि फ्लेक्सप्लेट दर फेऱ्याला वाकत राहून शेवटी चिरते. इंजिन आणि बॉक्स वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर भोसरीच्या जॉबवर्कवाल्यांकडून अडॅप्टर प्लेट कापून घेता येते, आणि ती सुबकही होते. पण प्लेट आणल्यावर क्रँकवर डायल गेज लावून बेलहाऊसिंगच्या भोकाची मध्यरेषा मोजलीच पाहिजे. पाव मि.मी.च्या वर चूक चालत नाही. कन्व्हर्टरचं नाक क्रँकच्या खोबणीत घट्ट बसायला हवं. ते सैल राहिलं तर पंपाचा बुश आधी जातो, मग सील, आणि बेलहाऊसिंगखाली तांबडे थेंब दिसायला लागतात.

बॉक्स खाली उतरला आहे तोवर क्रँकचं मागचं सील, दोन्ही अॅक्सलची सील, पंपाचं पुढचं सील आणि गिअरबॉक्सचं फाउंडेशन (रबराचं माउंटिंग) बदलून घ्या. सत्तर किलोच्या आसपासचं वजन एका सीलसाठी पुन्हा उतरवायची मजुरी त्या सगळ्या सीलांच्या किमतीपेक्षा जास्त होते. इंजिनाची अर्थिंगची पट्टी परत लावली का, हेही पाहा. ती विसरली तर स्टार्टरचा करंट गिअरच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापून आतून वितळते आणि स्कॅनरवर भलतेसलते कोड येतात.

वायरिंग आणि टीसीएम

आता मोठा हिस्सा. बॉक्सचा मेंदू, म्हणजे टीसीएम, कुठला ठेवायचा? सरळ उत्तर: नव्या गाडीचा. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम, एबीएस, मीटर आणि टीसीएम एकमेकांशी कॅन लाइन नावाच्या सामायिक तारांवर बोलतात. गिअर बदलताना टीसीएम ईसीएमला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो, म्हणून झटका बसत नाही. जुना टीसीएम आणून जोडला तर त्याची भाषा नव्या ईसीएमला कळेलच असं नाही. मग यू०१०० किंवा यू०१०१ असे संपर्क तुटल्याचे कोड येतात, बॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून बसतो आणि गाडी सिग्नलवरून उचलत नाही. दिव्यांपुरता फसवून चालेल असा हा प्रकार नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर अजिबात नाही.

नव्या गाडीचा टीसीएम ठेवायचा, तर त्याला ओळखीचे सेन्सर आणि सोलेनॉइड द्यावे लागतात. तीन गोष्टी मल्टिमीटरने तपासून मगच बॉक्स वर चढवावा. पहिली, सोलेनॉइडचा रेझिस्टन्स. आयसिन या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या बॉक्समध्ये चालू-बंद होणारे सोलेनॉइड गार असताना ११ ते १५ ओहम दाखवतात, दाब सांभाळणारे साधारण ५ ते ५.६. एखादा शून्याजवळ किंवा अनंत दाखवत असेल तर तो आत्ताच बदला. दुसरी, वेगाचे सेन्सर. जुन्या बॉक्समध्ये ते बऱ्याचदा गुंडाळीचे असतात आणि फिरण्याच्या वेगाप्रमाणे लाटा देतात. नव्यांत हॉल सेन्सर असतात, ते चौकोनी ठोके देतात. टीसीएमला एकाची सवय असते, दुसरा दिला तर पी०७१५ किंवा पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे कोड येतात. सेन्सरची बैठक आणि त्याच्यासमोर बॉक्समध्ये फिरणाऱ्या चक्राचे दाते सारखे असतील तर नव्या गाडीचा सेन्सर जुन्या बॉक्सवर चढतो. दात्यांची संख्या वेगळी असेल तर सेन्सर बदलूनही टीसीएम चुकीचं गुणोत्तर मोजेल आणि पी०७३० देईल. तिसरी, पी-आर-एन-डीचा स्विच. त्याची जागा केसभर हलली तरी गाडी फक्त पी मध्ये सुरू होते, एन मध्ये नाही, किंवा रिव्हर्सचा दिवा डी मध्ये लागतो.

इथेच केबलची गोष्ट येते. लिव्हर डी वर आणि बॉक्समधला व्हॉल्व्ह डी आणि एन च्या मधे, असं राहिलं तर अर्धाच दाब क्लचपर्यंत पोचतो. गाडी चालते, पण क्लच घसरत चालतो आणि चांगला बॉक्स आठवड्याभरात जळतो. केबल लावल्यावर प्रत्येक खाचेत लिव्हर टाकून बॉक्सवरच्या, केबल जोडलेल्या आर्मची खाच मोजायला सांगा.

फार जुन्या बॉक्सना दाबासाठी थ्रॉटलची केबल लागते. नव्या गाडीत अॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असतो, केबल बांधायला जागाच नसते. ती अंदाजाने कुठेतरी बांधून देणारा दिसला तर काम थांबवा. त्या केबलची एक इंच चूक म्हणजे जळलेल्या प्लेटा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा असलेल्या गाडीत आणखी एक पेच आहे. ऑटोमॅटिकचा पंप इंजिनावर फिरतो, इंजिन थांबलं की दाब शून्य. म्हणून अशा गाडीच्या मूळ बॉक्समध्ये दाब धरून ठेवण्याची वेगळी सोय असू शकते. जुन्या बॉक्समध्ये ती नसेल तर ती यंत्रणा कायमची बंद ठेवावी लागेल. नाहीतर दर सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर गाडी आधी रेंगाळेल आणि मग उडी मारेल.

ऑइल आणि कूलर

इथे पैसे वाचवू देऊ नका. जुना बॉक्स जळून गेला असेल तर त्याचा कचरा कूलरमध्ये आणि पाइपांत बसलेला असतो. तो फक्त हवेने फुंकून निघत नाही. कूलर बदला, किंवा निदान दोन्ही दिशांनी फ्लश करून घ्या. इंजिन चालू असताना परतीच्या पाइपातून २० ते ३० सेकंदांत साधारण १ लिटर ऑइल यायला हवं. बारीक धार येत असेल तर कूलर तुंबलेला आहे.

ऑइलची जात बॉक्सप्रमाणे घ्यायची, गाडीच्या वर्षाप्रमाणे नाही. जुन्या आयसिनला टी-४ प्रतीचं जाड ऑइल लागत असेल आणि त्यात नवं पातळ डब्ल्यूएस भरलं तर दाब आणि घर्षण दोन्ही बदलतात. पॅनच्या बुचातून साधारण अर्धंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकूण ७ लिटर आणि दर वेळी साडेतीन, असं धरलं तर एकदा बदलून ५० टक्के नवं होतं, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा ८७ च्या पुढे. म्हणून कोटेशनमध्ये ‘ऑइल ४ लिटर’ असं असेल तर तो आकडा वाढवून घ्या. पातळी बहुतेक बॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघून तपासतात. डिपस्टिक नसलेल्या आयसिनमध्ये सहसा ३५ ते ४५ अंशांना. गार इंजिनावर काडी बघून ‘ओके’ म्हणणारा मेकॅनिक ऑटोमॅटिकचा नाही.

गाडी ताब्यात घेताना

टेस्ट ड्राइव्ह मालकाने स्वतः घ्यावी, स्कॅनर लावलेला असावा, आणि गाडी खरंच गरम झालेली असावी. आधी उभ्या गाडीत: एन मधून डी मध्ये टाकल्यावर सव्वा सेकंदाच्या आत आणि आर मध्ये टाकल्यावर दीड सेकंदाच्या आत गाडीने पकड घ्यावी. उशीर लागत असेल तर दाब कमी आहे. स्टॉल टेस्ट (उभ्या गाडीत गिअर टाकून पूर्ण रेस देणं) करायची तर चाकांना ठोकळे, ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि पाच सेकंदांच्या वर नाही. फेरे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त चढले तर क्लच घसरतायत. कमी चढले तर इंजिनात जोर नाही, किंवा कन्व्हर्टरमधला एकाच दिशेने फिरणारा क्लच गेला.

मग रस्ता. विद्यापीठ चौकातली संध्याकाळ झटके दाखवते. हडपसरहून दिवे घाट चढताना ऑइल तापतं. ८० ते ९५ अंश बरे, १२० ओलांडले तर कूलरचं काम अपुरं झालंय. कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना लिव्हर २ वर टाका. इंजिनाने गाडीला आवरून धरायला हवं, ती मोकळी सुटता कामा नये. हे तिन्ही करून परत आल्यावर स्कॅन पुन्हा करा आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) व नोंदलेले दोन्ही प्रकारचे कोड बघा. पी०७०० (बॉक्सच्या यंत्रणेत बिघाड आहे, एवढंच सांगणारा कोड) एकटा कधीच येत नाही, त्याच्यामागे टीसीएममध्ये खरा कोड लपलेला असतो. साधा ओबीडी स्कॅनर तो वाचत नाही, गॅरेजकडे वाचणारा आहे का ते आधीच विचारा.

कोटेशन, वॉरंटी, कागद

जुन्या बॉक्सवर बाजारात मिळते ती ‘चेकिंग वॉरंटी’: लावून बघा, नाही चालला तर बदलून देऊ, मजुरी तुमची. ही बॉक्सला मिळते, कामाला नाही. म्हणून बॉक्स गॅरेजनेच आणावा आणि बॉक्स व मजुरी दोन्हींची वॉरंटी एकाच जीएसटी बिलावर किलोमीटर आणि महिन्यांत लिहून द्यावी. त्यासाठी दर थोडा जास्त पडला तरी तो द्यावा, कारण बॉक्सवाला आणि फिटर एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की मालक मधे अडकतो. ‘गिअरबॉक्स फिटिंगसह’ एवढीच ओळ असलेलं कोटेशन परत करा. टॅग नंबर, सीलांची यादी, ऑइलची प्रत आणि लिटर, कूलर, स्कॅनिंग आणि अॅडॅप्टेशन रिसेट (टीसीएमने आधीच्या बॉक्सबद्दल शिकलेलं पुसणं) या सगळ्याच्या वेगवेगळ्या ओळी हव्यात. विकणाऱ्याचं दुकान कायमचं आहे का तेही बघा. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, तेव्हा तिथल्या जुन्या पत्त्याचं बिल घेऊन वॉरंटी मागायला जाणार कुठे?

आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे ऑटोमॅटिकच्या जागी तसाच ऑटोमॅटिक बसवला तर आरसीत काही बदलत नाही. मॅन्युअलची ऑटोमॅटिक करताना मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येऊ शकतं. संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. दिव्यांग चालकासाठी गाडी बदलून घ्यायची असेल तर नोंदीची वाट वेगळी आहे, तीही तिथेच कळेल. सामानाच्या बाजूनेही हे काम मोठं आहे. ऑटोमॅटिकचा ईसीएम, टीसीएम, हार्नेस, पेडल, कूलरवाला रेडिएटर, अॅक्सल, लिव्हरचं लॉक, इतकं सगळं एकाच गाडीतून यावं लागतं. तुकड्या-तुकड्यांनी जमवलं तर ते जुळत नाही.

काम झाल्यावर जुना बॉक्स आणि त्याचा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून देणारा भाग) गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. निदान वॉरंटी संपेपर्यंत घरी ठेवा, सेन्सर आणि सोलेनॉइड त्यातूनच उपयोगी पडतात. १,००० किमीला गाडी परत लिफ्टवर घ्या: पॅन उघडून चुंबक पुसा, ऑइलची पातळी नेमलेल्या तापमानाला पुन्हा बघा, आणि कन्व्हर्टरचे बोल्ट बेलहाऊसिंगच्या खिडकीतून एकेक करून टॉर्क रेंचने तपासून घ्या.